जिनिव्हाचा अहवाल आणि करमाळ्याची नोंदवही

आंतरराष्ट्रीय करार स्वीकारणारे सरकार दोन कामे अंगावर घेते. करारात लिहिलेले प्रत्यक्षात उतरवणे हे पहिले, आणि ते कितपत उतरले याचा हिशेब ठरावीक मुदतीने इतरांसमोर मांडणे हे दुसरे. मुलांच्या बाबतीत हा करार म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता होय. ती २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत झाली, २ सप्टेंबर १९९० पासून अमलात आली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, असे मानून तिच्या ५४ अनुच्छेदांत मुलाचे जगणे, वाढणे, शिकणे, पिळवणुकीपासून सुरक्षित राहणे आणि स्वतःविषयीच्या निर्णयात आपले म्हणणे मांडता येणे हे सारे हक्क म्हणून नोंदले गेले. दया किंवा पुण्यकर्म म्हणून जे दिले जाते ते न दिल्यास जाब विचारता येत नाही, हक्काबाबत मात्र तो विचारता येतो, आणि हा जाब विचारण्याची व्यवस्था संहितेतच केलेली आहे.

ही व्यवस्था अनुच्छेद ४४ मध्ये आहे. करार स्वीकारल्यापासून दोन वर्षांत पहिला अहवाल आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी एक अहवाल प्रत्येक देशाने बालहक्क समितीला सादर करावा, असे तो सांगतो. या समितीचे सदस्य आरंभी दहा होते, आता अठरा आहेत. ते निरनिराळ्या देशांतून निवडून येतात, परंतु आपल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून नव्हे तर स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून काम करतात. अहवाल आल्यानंतर समिती लेखी प्रश्न पाठवते, देशातील संस्था आपली माहिती स्वतंत्रपणे कळवतात, ज्याला पर्यायी अहवाल म्हणतात, आणि मग जिनिव्हात सरकारच्या प्रतिनिधीमंडळाशी उघड्या बैठकीत प्रश्नोत्तरे होतात. शेवटी समिती आपली निरीक्षणे आणि शिफारशी प्रसिद्ध करते. शिफारस पाळली नाही म्हणून दंड करण्याचा किंवा कोणाला बोलावून घेण्याचा अधिकार तिला नाही; पुढच्या अहवालात त्याच मुद्द्यावर पुन्हा उत्तर द्यावे लागते, एवढेच तिचे बळ आहे. व्यक्तिगत तक्रार थेट समितीकडे नेण्याची सोय करणारा एक वेगळा जोड-करार २०१४ पासून अमलात आहे, परंतु भारताने तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे भारतातील मुलांच्या दृष्टीने अहवाल हाच समितीपर्यंत पोचण्याचा मुख्य रस्ता उरतो.

भारताचा पहिला अहवाल १९९५ मध्ये द्यायचा होता, तो १९९७ मध्ये गेला आणि त्यावर चर्चा जानेवारी २००० मध्ये झाली. दुसऱ्या अहवालावरची चर्चा जानेवारी २००४ मध्ये झाली. तिसरा आणि चौथा अहवाल एकत्र करून २०११ मध्ये पाठवला गेला आणि तो जून २०१४ मध्ये विचारात घेतला गेला. दिरंगाई हा केवळ भारताचा दोष नाही, समितीकडेही अहवालांची रांग असते. पण दहा वर्षांच्या अंतराने चर्चा होते तेव्हा मधल्या काळात पहिलीत असलेले मूल शाळा संपवून किंवा सोडून गेलेले असते, ही गोष्ट तारखांकडे पाहताना विसरून चालत नाही.

तरीही ही पद्धत निष्फळ आहे असे म्हणता येत नाही. संहिता स्वीकारताना बालकामगारांविषयीच्या अनुच्छेद ३२ बाबत भारताने एक निवेदन जोडले होते. कामाचे किमान वय सर्व क्षेत्रांत ताबडतोब ठरवणे शक्य नाही, ते टप्प्याटप्प्याने केले जाईल, असा त्याचा आशय होता. हे निवेदन मागे घ्यावे आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे किमान वयाविषयीचे व बालमजुरीच्या अतिनिकृष्ट प्रकारांविषयीचे करार स्वीकारावेत, असे समितीने पुन्हा पुन्हा सांगितले. शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२ च्या घटनादुरुस्तीने आणि २००९ च्या कायद्याने आला, १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास बंदी झाली, आणि १३ जून २०१७ रोजी भारताने ते दोन्ही करार स्वीकारले. यामागे देशातील चळवळी, न्यायालये आणि संसद यांचा वाटा मोठा आहे. तथापि जिनिव्हात तोच प्रश्न दर फेरीला समोर येत राहिला, याचाही परिणाम नाकारता येत नाही. मात्र बालकामगार कायद्याच्या त्याच दुरुस्तीत शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगाला मुलाने हातभार लावण्याची मोकळीक ठेवली गेली. ती ठेवायला नको होती, कारण घरच्या कामाचे तास मोजणारी कोणतीही यंत्रणा गावात नाही आणि जे मोजले जात नाही ते अहवालातही येत नाही.

अहवाल लिहिण्याची जबाबदारी दिल्लीतील महिला व बालविकास मंत्रालयाची असली तरी त्यातले आकडे दिल्लीत जन्मत नाहीत. आरोग्य, शाळा, पोलीस आणि ग्रामपंचायत ही सगळी कामे मुख्यतः राज्याच्या आणि त्याखालच्या यंत्रणेच्या हातून होतात, म्हणून अहवालाची खरी परीक्षा तालुक्यात होते. सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा करमाळा तालुका या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्याच्या उत्तरेला अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत आणि जामखेड, पूर्वेला धाराशिव जिल्ह्यातील परांडा, आणि पश्चिमेला भीमेच्या पलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर हे तालुके लागतात, तर जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी ऊस आणि केळी पिकतात, कंदरची केळी परदेशात जातात, आदिनाथ आणि मकाई हे सहकारी साखर कारखाने याच तालुक्यातले. परंतु फुगवट्यापासून दूरच्या गावांची शेती पावसाच्या भरवशावर चालते. जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात आणि पाण्याच्या मागे माणसे हंगामी फिरतात, तिथे मूल नेमके कोणाच्या नोंदीत आहे हा प्रश्न रोजचा होतो.

गावातल्या मुलाची नोंद किती ठिकाणी होते हे पाहिले तर वाटते, की ते निसटणे अशक्यच आहे. जन्माची नोंद ग्रामसेवकाकडे होते, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते. सहा वर्षांपर्यंतचे वजन, उंची आणि पोषण आहार अंगणवाडी सेविका नोंदवते, पूर्वी जाड नोंदवह्यांत आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर. तिचा मासिक अहवाल पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जातो. सहाव्या वर्षी नाव शाळेच्या पटावर चढते आणि तिथून मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्यांनी आकडा वर सरकतो. ग्राम बाल संरक्षण समिती गावात असते, तिचा अध्यक्ष सरपंच असतो. संकटात सापडलेल्या मुलासाठी सोलापुरात बाल कल्याण समिती आहे, कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलासाठी बाल न्याय मंडळ आहे, आणि मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. कायदा असेही सांगतो, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणले पाहिजे. करमाळ्याच्या सीमेवरच्या गावासाठी ‘प्रवासाचा वेळ’ हे दोन शब्द फार मोठे आहेत.

या सगळ्या नोंदी एका जागी राहणाऱ्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे मूल एका जागी राहत नाही. गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कामाच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात, बीड आणि आसपासच्या भागांतून सोलापूर जिल्ह्याच्या कारखान्यांवर येतात, कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभारतात आणि पहाटे फडात उतरतात. सोबतचे मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते, मोळ्या ओढते. त्याचे नाव कोणत्याही मजुराच्या यादीत नसते, कारण उचल आईबापांच्या नावावर असते. म्हणून बालकामगारांच्या आकड्यात ते येत नाही. शाळाबाह्य मुलांच्या आकड्यातही ते बहुधा येत नाही, आणि याचे कारण तारखेत आहे. शाळांच्या वार्षिक माहितीसाठी आणि शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरचा पट धरला गेला. त्या दिवशी हे मूल आपल्या गावच्या वर्गात असते, आणि टोळ्या त्यानंतर हलतात. पटसंख्येवर शिक्षकाचे पद अवलंबून असल्याने गेलेल्या मुलाचे नाव कमी करण्यात शाळेचे नुकसान असते, आणि नाव राहिल्यास कोणी तक्रार करत नाही. पट आणि वर्ग यांत किती अंतर पडू शकते हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ मधील तीन दिवसांच्या राज्यव्यापी पटपडताळणीत पाहिले. कागदावरची लाखो नावे तेव्हा वर्गांत सापडली नाहीत.

कायदा या मुलाला विसरलेला नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याचे, त्यांचा प्रवेश आणि हजेरी पाहण्याचे, आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देण्याचे कर्तव्य घातले आहे. ‘हद्दीत राहणाऱ्या’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे, कारण त्यात मूल मूळचे कुठले हा प्रश्नच उरत नाही. कोपी करमाळ्याच्या शिवारात असेल तर नोंदही इथल्याच प्राधिकरणाने ठेवायची. याआधी ‘जनार्थ’सारख्या स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या होत्या. कायदा आल्यावर वेगळ्या शाळेऐवजी जवळच्या नियमित शाळेत प्रवेश, मागे राहणाऱ्या मुलांसाठी मूळ गावी हंगामी वसतिगृहे, आणि जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे कोणत्याही शाळेने दाखल्याची वाट न पाहता त्याला वर्गात बसवावे यासाठीचा कागद, अशी धोरणे राज्याने आखली. तत्त्व म्हणून हे योग्यच होते. पण फडापासून शाळा किती लांब, मुलाला तिथे कोण पोचवणार, आणि टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी गेल्यावर काय, यांची उत्तरे पत्रकात नसतात. दोन जिल्ह्यांतली दोन कार्यालये एकाच मुलाची माहिती एकमेकांना कळवत नाहीत, तोवर ते एका ठिकाणी हजर आणि दुसऱ्या ठिकाणी अस्तित्वातच नसलेले असे राहते, आणि राष्ट्रीय अहवालात ‘दाखल’ या स्तंभात जाऊन बसते. आकडेवारी वय, लिंग, जात, प्रदेश आणि स्थलांतर अशा भेदांनुसार वेगळी करून द्यावी, हा आग्रह समिती सर्वच देशांकडे धरते तो याच कारणाने. एकत्र सरासरीत ज्यांची स्थिती सर्वांत वाईट तीच मुले आधी दिसेनाशी होतात.

नोंदीचा याहून अवघड प्रकार बालविवाहाचा आहे. या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. बालपणी झालेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ मध्ये मुंबईत उभा राहिला, संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, आणि मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा ही मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. करमाळा त्या हद्दीत होता आणि शेजारचे परांडा निजामाच्या राज्यात, म्हणजे तेव्हा लग्न कायद्याच्या कक्षेबाहेर नेण्यासाठी एक शीव ओलांडणे पुरेसे होते. आज दोन्ही बाजूंना एकच कायदा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस वर्षे ठरवली, बालवयात लग्न झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून मागण्याचा अधिकार दिला, आणि प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद केली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे अधिकारपद ग्रामसेवकाकडे आहे आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक आहे. लग्न थांबवणे, पुरावे गोळा करणे, लोकांना समजावणे या कामांबरोबरच शासन सांगेल त्याप्रमाणे ठरावीक मुदतीने विवरणे आणि आकडेवारी सादर करणे हेही त्याचे वैधानिक कर्तव्य आहे. जिनिव्हाच्या अहवालाची ही सर्वांत खालची पायरी म्हणता येईल.

या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाची अडचण समजून घेतली पाहिजे. त्याने ‘निरंक’ असे विवरण पाठवले तर कोणी प्रश्न विचारत नाही. त्याने एक विवाह नोंदवला तर तो थांबवला का नाही, गुन्हा कधी दाखल केला, असे प्रश्न त्यालाच विचारले जातात, शिवाय ज्या गावात रोज घरपट्टी वसूल करायची त्याच गावातल्या घराशी वैर येते. अंगणवाडी सेविका तर त्याच गावची सून किंवा लेक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले आणि सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. त्याच सुमारास, २०२१ मध्ये, बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली संपूर्ण देशात नोंदलेले गुन्हे हजाराच्या आसपास होते. सर्वेक्षणाने घरात बसून स्त्रीलाच तिचे लग्नाचे वय विचारले, तर नोंदवहीने लग्न होऊ दिल्याचा ठपका ज्याच्यावर येऊ शकतो त्या अधिकाऱ्यालाच विचारले. दोन्ही उत्तरांतले अंतर इथून येते. सर्वेक्षणाचीही एक मर्यादा आहे, ती अशी की चोवीस वर्षांच्या स्त्रीचे सोळाव्या वर्षी झालेले लग्न आठ वर्षांपूर्वीची परिस्थिती सांगते, यंदाच्या लगीनसराईत काय चालले आहे ते नव्हे. यंदाचे सांगू शकेल ती नोंदवहीच, आणि म्हणून ‘निरंक’ पाठवणाऱ्याला अभय आणि खरी नोंद करणाऱ्याला त्रास ही रीत उलटी करणे ही बालहक्कांच्या अंमलबजावणीतली अत्यंत निकडीची सुधारणा ठरते. ज्या गावाने दोन लग्ने नोंदवून एक थांबवले त्या गावाची कामगिरी कोऱ्या विवरणापेक्षा चांगली मानली गेली पाहिजे.

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येते. उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत उपाय योजावेत, असे अनुच्छेद ४ म्हणतो, आणि केंद्र सरकार २००८–०९ पासून अर्थसंकल्पात मुलांसाठीच्या तरतुदींचे वेगळे विवरणपत्र देते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करावा असा दंडक आहे. ही रक्कम लहान असते, पण ती गावाने गावात ठरवायची असते, म्हणून तिचा हिशेब ग्रामसभेत मागणे सर्वांत सोपे आहे. त्या दहा टक्क्यांत महिलांचे आणि बालकांचे असे दोन स्तंभ वेगळे दाखवले जात नसतील, तर मुलांवर नेमके काय खर्च झाले हे कळत नाही, आणि ते कळण्यासाठी केवळ एक जादा स्तंभ लागतो.

संहितेतला सर्वांत कमी पाळला जाणारा हक्क अनुच्छेद १२ मधला आहे, ज्यानुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला स्वतःशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा हक्क आहे. ग्रामविकासाच्या शाश्वत ध्येयांत ‘बालस्नेही गाव’ ही एक संकल्पना घेतली गेली आहे आणि गावचा आराखडा बनवताना बालसभा भरवण्याची अपेक्षा आहे. शाळेच्या पटांगणात मुलांना ओळीत बसवून पाहुण्यांची भाषणे ऐकवणे म्हणजे बालसभा नव्हे. मुलींनी सांगितले की नदीकाठच्या वाटेवर संध्याकाळी दिवा नाही आणि म्हणून आठवीनंतर घरचे शाळेत पाठवत नाहीत, आणि ते वाक्य इतिवृत्तात तसेच लिहिले गेले, ग्रामसभेपुढे आले, त्याचे काय झाले हे पुढच्या बालसभेत त्यांना कळवले गेले, तर ती बालसभा झाली. जिनिव्हातल्या समितीला देशादेशांतील मुलांनी तयार केलेले निवेदनही चालते. दिल्लीत लिहिलेल्या अहवालावर तालुक्यातल्या मुलांचे म्हणणे पर्यायी अहवालातून जोडले जाण्यास नियमांची कोणतीही आडकाठी नाही.

माहिती वर जाण्याचे हे सारे मार्ग आहेत, आणि संहितेने ती खाली परत येण्याचाही मार्ग सांगितला आहे, ज्याकडे आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्षच झाले. अनुच्छेद ४४ च्या सहाव्या परिच्छेदानुसार प्रत्येक देशाने आपला अहवाल स्वतःच्या देशात लोकांना सहज उपलब्ध करून द्यायचा असतो, आणि अनुच्छेद ४२ नुसार संहितेची तत्त्वे मोठ्यांप्रमाणेच मुलांनाही माहीत करून द्यायची असतात. समितीही आपली निरीक्षणे देशातल्या भाषांतून पसरवावीत असे सांगते. महाराष्ट्रापुरता याचा अर्थ असा, की अहवाल, समितीचे प्रश्न आणि शिफारशी मराठीत पंचायत समितीपर्यंत आल्या पाहिजेत, आणि त्यांच्याशेजारी तालुक्याचे आपले आकडे ठेवता आले पाहिजेत. करमाळ्याच्या पंचायत समितीने वर्षातून एकदा चार पानांचे पत्रक काढायचे ठरवले तर लागणारी माहिती तिच्याच कार्यालयांत आहे: ३० सप्टेंबरचा पट आणि जानेवारीतली प्रत्यक्ष हजेरी शेजारी-शेजारी, गाळप हंगामात बाहेरून आलेली मुले आणि त्यांपैकी वर्गात बसलेली मुले, नोंदलेले आणि थांबवलेले बालविवाह गावनिहाय, तीव्र कुपोषित बालके आणि त्यांतली बरी झालेली, दहा टक्क्यांतून मुलांवर झालेला खर्च, बालसभांनी मागितलेल्या गोष्टी आणि त्यांतल्या झालेल्या. असे पत्रक बालदिनाच्या सुमारास ग्रामसभांत वाचले गेले, तर दिल्लीचा पुढचा अहवाल लिहिणाऱ्याला आकडे मागवावे लागतील ते अशा तालुक्याकडून, जिथल्या लोकांनी ते आधीच तपासलेले आहेत आणि चुकले असतील तिथे दुरुस्तही केले आहेत.